वाळवंटातली नायटी

आज सकाळी अमेरिकेत, ॲरिझोनातल्या टूसॉनजवळच्या एका कोरड्या ओढ्यात दोन तास अक्षरशः पोटावर पडून काढले. इथला पावसाळा नुकताच सरलाय, त्यामुळे सोनोरन वाळवंटात जमिनीला चिकटून युफोर्बियाची इवली इवली रोपं पसरलीत. पान खुडलं की पांढरा चीक. गावाकडची नायटी (शेतात उगवणारं ते चिकाचं तण) आठवलीच, तिचंच हे कुळ! (चीक डोळ्यांना लागू देऊ नका, फार झोंबतो.)

उभ्यानं पाहिलं तर सगळी सारखीच. भिंग लावलं आणि थक्क झाले. या युफोर्बियांच्या निरनिराळ्या जाती! अल्बोमार्जिनाटाच्या पेरावर, समोरासमोरच्या दोन पानांच्या मध्ये, पांढरा पातळ पापुद्रा दिसतो; उपपर्णं (पानाच्या बुडाशी असणारी चिमुकली पानं) एकमेकांना जुळून झालेला. पॉलिकार्पात तीच सुटी सुटी. मायक्रोमेराच्या फुलाच्या काठावरच्या ग्रंथींना पांढरी झालर नसतेच, आणि सेटिलोबाची झालर कातरल्यासारखी टोकदार. आपण ज्याला फूल म्हणतो तो खरं तर टाचणीच्या डोक्याएवढा पेला: मधोमध एकच मादीफूल, भोवती एकेका पुंकेसराची नरफुलं. किती वेळ बघत राहिले!

एक रोप मात्र ओळखता आलं नाही. बिया कोवळ्या होत्या, आणि बी गुळगुळीत की सुरकुतलेलं हे पाहिल्याशिवाय मी नाव लावणार नाही. शनिवारी परत जातेय.