धाकटी तक्षीम नीराकाठी सापडली, पण वतनाचा कागद अजून बाकी

आमच्या घराण्याची धाकटी तक्षीम, म्हणजे वतनाच्या वाट्याची धाकटी शाखा, 1878 नंतर कागदावरून नाहीशी होते, हे मागच्या नोंदीत लिहिलं होतं. ती बहुतेक सापडली आहे. इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्यावरच्या एका गावात, भलत्याच आडनावाखाली. 'बहुतेक' का म्हणतोय ते पुढे येईलच.

नवीन मंडळींसाठी थोडी पूर्वपीठिका. मूळ गाव माण तालुक्यातलं, म्हसवडच्या बाजूचं. गावाचं नाव आणि आडनाव मी देत नाही, कारण दोन्हीकडची माणसं हयात आहेत आणि जमिनीचे कज्जेही. गावची पाटीलकी, म्हणजे आमचं पिढीजात वतन, तीन तक्षिमांत वाटलेली होती. थोरल्या तक्षिमेची घरं अजून गावात आहेत. आम्ही मधले. धाकट्यांबद्दल घरात एवढंच बोललं जायचं, "त्यांचं कुणी राहिलं नाही." चुलत आजोबांनी फुलस्केप कागदावर काढलेल्या वंशावळीत धाकट्यांच्या शेवटच्या पुरुषाखाली आडवी रेघ आहे आणि पुढे एकच शब्द, 'निर्वंश'.

हा निर्वंश मला पटत नव्हता, कारण मेलेला माणूस राजीनामा देत नाही. ब्रिटिश अमदानीत सारा झेपेनासा झाला की खातेदार आपल्या नंबराचा, म्हणजे मोजणीतल्या जमिनीच्या तुकड्याचा, राजीनामा लिहून द्यायचा आणि जो ती जमीन पुढे घेईल तो कबुलायत लिहून द्यायचा. धाकट्यांच्या रयतावा, म्हणजे वतनाबाहेरच्या, नंबराचा असा राजीनामा फसली (महसुली साल) 1287 चा आहे. फसलीत 590 मिळवले की 1877-78 निघतं. पाऊस 1876 साली गेला, शके 1798, धाता नाम संवत्सर. म्हणजे हा गडी दुष्काळातून जगला, सारा थकल्यावर जमीन सोडली आणि उठून गेला. कबुलायत लिहून देणारा होता थोरल्या तक्षिमेचा कर्ता. हे ध्यानात ठेवा.

गेला कुठे, हा खरा प्रश्न. इथे आपल्यातले बरेच जण जे करतात ते मीही केलं. न्यायमूर्ती शिंदे समिती 2023 मध्ये नेमली गेल्यावर कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं बाहेर निघाली, कितीतरी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गाववार याद्या आणि स्कॅन केलेली पानं चढली. वंशावळीच्या नादिष्टांना एवढी मेजवानी कधी मिळाली नव्हती. पण तिथे आडनाव घालून शोधणं म्हणजे वेळ दवडणं आहे. एक तर जुन्या गावनोंदींत आडनाव पुष्कळदा नसतंच. 'अमुक बिन तमुक (म्हणजे तमुकचा मुलगा अमुक), कुणबी' एवढ्यावर भागवलेलं असतं, बाईची नोंद असेल तर 'कोम' किंवा 'भ्रतार' लावून नवऱ्याचं नाव. दुसरं, आमचे लोक मूळ गावी 'पाटील' म्हणून ओळखले जात. पाटील ज्या गावात उपरा म्हणून जाईल तिथे आधीच एक पाटील बसलेला असतो. त्या गावानं या नव्या माणसाला पाटील का म्हणावं? त्याला ते त्याच्या गावावरून हाक मारणार, आणि दोन पिढ्यांत तेच आडनाव होणार. म्हणून परागंदा शाखा शोधताना आडनाव शेवटी धरावं. आधी गाव, मग देव, मग जमीन.

गावाची दिशा मिळाली हेळव्यांकडून. सातारा-सांगली-कोल्हापूरकडच्या मंडळींना हेळवी सांगायला नकोत. इतरांसाठी: हे पिढीजात वंशावळ सांगणारे लोक, पूर्वी बैलावर बसून यायचे, आता मोटरसायकलवर येतात. सुगीनंतर दारात उभे राहतात, खापरपणज्यापासून नावं घडाघडा म्हणतात, नव्या जन्मलेल्यांची नावं वहीत घालतात आणि धान्य, कपडा, पैसे घेऊन जातात. आमच्याकडे येणाऱ्या काकांना मी धाकट्या घराचं विचारलं. त्यांनी वही उघडलीसुद्धा नाही.

"धाकटं खाली उतरलं न्हवं का. नीरंला."

"नीरंला कुठं, काका?"

"त्ये आमच्या वहीत न्हाई. तिकडची गावं आमच्या वाट्याची न्हवंत."

हेळव्यांची गावं आणि घराणी आपसांत वाटलेली असतात, त्यामुळे दुसऱ्याच्या हद्दीतलं ते लिहीत नाहीत. पण 'निर्वंश' आणि 'खाली उतरलं' यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. वहीवाल्याला खोटं बोलून काय मिळणार होतं?

नीरेचा काठ लांबलचक आहे. तो आवळायला पाटबंधाऱ्यांचा इतिहास कामी आला. भाटघरच्या धरणाच्या पाण्यावर चालणारा नीरा डावा कालवा 1880 च्या दशकात सुरू झाला आणि त्याचं पाणी बारामती-इंदापूरकडे गेलं. पलीकडचा उजवा कालवा, ज्यावर फलटण आणि माळशिरस पिकलं, तो त्यानंतर पन्नासेक वर्षांनी आला. 1878 मध्ये माणमधून निघालेल्या माणसाला आधी खोदाईचं काम आणि मग पाण्याखालची जमीन हवी असेल, तर त्याला नदी ओलांडून डाव्या अंगालाच जावं लागणार. माळशिरस तेव्हा माणइतकंच कोरडं होतं. त्यामुळे फलटण-माळशिरसच्या याद्या मी बाजूला ठेवल्या.

आता देव. म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला, देवदिवाळीला निघतो. माणदेशातून उठून गेलेली घरं त्या दिवशी कुठून कुठून परत येतात. आडनाव बदलतं, भाषेचा हेल बदलतो, पण कुलदैवत बदलायची कुणाची सहसा हिंमत होत नाही. यात्रेच्या गर्दीत पुजाऱ्यांना आणि परगावचे लोक उतरतात त्या घरांतून मी एकच विचारत फिरलो: नीरेकडून, इंदापूर-बारामतीकडून पिढ्यान्‌पिढ्या कोण येतं? काही नावं मिळाली. त्यांतली बहुतेक सोयरिकीमुळे येणारी, म्हणजे सून माणची म्हणून. एक घर मात्र वेगळं निघालं. आडनाव 'कर' लागलेलं, आणि 'कर'च्या आधी आमच्या गावाचं नाव.

त्या घरातल्या आजींशी बोलणं झालं. वय नव्वदीच्या आसपास, कान शाबूत.

"आमी मूळचं हिकडलंच, लेकरा. आजेसासरं म्हनायचं, दुस्काळात पाटी घिऊन कालव्यावर आलो आन् ऱ्हायलो."

"आडनाव पहिल्यापासून हेच का, आजी?"

"त्ये गावानं पाडलं. आदी पाटील व्हतो म्हनत्यात. पर आता सांगून कोन ऐकतंय?"

आजींचं सांगणं पुरावा म्हणून मी फार वजनदार धरत नाही. आपण मूळचे पाटील होतो असं सांगणारी घरं महाराष्ट्रात चिक्कार आहेत. पण कुठल्या गावचे कागद मागायचे ते कळलं. देवक विचारलं तेही जुळलं, अर्थात देवक शेकडो घरांचं एक असतं.

कागदांत पहिला हाती आला गाव नमुना 14, म्हणजे आपलं कोतवाल बुक, गावची जन्म-मृत्यूची नोंदवही. मी थेट 1918 चा पावसाळा आणि दिवाळीचे महिने मागितले. मानमोडीच्या (इन्फ्लुएंझाच्या) साथीत गावोगाव इतकी माणसं गेली की त्या पानांत एकेका घराची तीन पिढ्यांची नावं एकाखाली एक सापडतात. वाचताना जीव गलबलतो, पण वंशावळीच्या दृष्टीनं त्या वर्षासारखं वर्ष नाही. तिथे एक म्हातारा आहे, आमच्या हव्या त्या नावाचा, बापाचं नावही हवं तेच, वय 70, कारण 'ताप'. वयं तेव्हा कोतवालानं अदमासानंच घातलेली असत, साठ, सत्तर, ऐंशी अशी गोळाबेरीज. तरी सरासरीनं जन्म 1848 च्या मागेपुढे धरला तर राजीनाम्याच्या वेळी गडी तिशीत येतो. खाली त्याच आठवड्यात त्याची सून आणि नातू. नातवाचं नाव आजोबांच्या बापाचं.

ही नावांची पाळी आपल्या सगळ्यांची डोकेदुखी. आजोबाचं नाव नातवाला, मग 'अ बिन ब' आणि 'ब बिन अ' अशी माळ चालू राहते आणि पन्नास वर्षांच्या अंतरावरचे दोन पुरुष एकच वाटतात. त्यामुळे नाव जुळलं म्हणून नाचायचं नाही. साल, वय आणि बायकोचं नाव यांतलं एक तरी सोबत हवं.

यानंतरचा कागद मात्र सोन्यासारखा. त्या गावाजवळच्या एका जुन्या सावकारी घरात मोडी कागदांची गाठोडी आहेत. घरच्यांना मोडी येत नाही. मी वाचून यादी करून देतो म्हटल्यावर त्यांनी आनंदानं ओटा मोकळा करून दिला. त्यांत 1889 चं एक गहाणखत निघालं. थोडा संदर्भ: 1875 मध्ये सुप्याला सावकारांचे कर्जरोखे जाळण्यापासून दख्खनचा दंगा पेटला, त्यातून 1879 चा शेतकरी संरक्षणाचा कायदा आला आणि तो पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांना लागू झाला. त्याखाली शेतकऱ्यानं लिहून दिलेला दस्त गावच्या रजिस्ट्रारपुढे व्हायचा आणि लिहून देणारा तोच माणूस आहे याची रजिस्ट्रारनं खातरी करून घ्यायची असे. त्यामुळे या काळातले दस्त ओळखीच्या बाबतीत आधीच्या रोख्यांपेक्षा कितीतरी बोलके असतात. आमच्या गहाणखतात नाव, बापाचं नाव, 'जात कुणबी, धंदा शेती', आणि त्यापुढे: मूळ राहणार मौजे आमचं गाव, तालुका माण, जिल्हा सातारा, हल्ली वस्ती तालुका इंदापूर, जिल्हा पुणे. आडनाव कुठेच नाही. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद नसतो आणि शब्दही सुटे लिहिलेले नसतात, म्हणून गावाचं नाव मोडी जाणणाऱ्या दुसऱ्या एका स्नेह्याला, आधी काही न सांगता, वाचायला दिलं. त्यांनीही तेच वाचलं.

एवढं असून 'बहुतेक' का? कारण मूळ गावात आमच्याच भावकीतलं, पण पाटीलकीत वाटा नसलेलं आणखी एक घर होतं, आणि त्या घरातही ही दोन नावं त्याच काळात आलटून पालटून येतात. गहाणखतातला माणूस त्या घरातला असू शकतो. दुष्काळात एकाच गावातून दोन घरं एकाच कालव्यावर गेली असतील, यात अशक्य काहीच नाही. उलट तसं होण्याचीच शक्यता जास्त, माणसं ओळखीपाळखीनंच स्थलांतर करतात.

काहींनी डीएनए चाचणी सुचवली होती. पुरुषवंशाच्या चाचणीनं इंदापूरचे आणि आम्ही एका मूळपुरुषाचे हे ठरेल, पण ते दुसरं भावकीतलं घरही त्याच मूळपुरुषाचं. म्हणजे पैसे जाऊन पेच तिथेच. त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत, म्हणजे यात्रेकरूंच्या घराण्यांच्या वह्यांत, आमच्या गावचे लेख आहेत, पण ते थोरल्यांचेच. ज्यांना तिथलं काम करायचं असेल त्यांनी सिंहस्थाची गर्दी सुरू होण्याआधी उरकून घ्या, नंतर उपाध्यायांना श्वास घ्यायला फुरसत नसेल.

इंदापूरच्या घरातला एक पुतण्या जातीच्या दाखल्यासाठी ही वंशावळ मागतोय. त्याला थांब म्हटलंय. दाखल्याच्या घाईत प्रतिज्ञापत्रावर उतरवलेल्या वंशावळी हल्ली खूप फिरतात आणि पुढचा शोधणारा त्यांना मूळ कागद समजून बसतो. सध्या माझ्या तक्त्यात ही जोडणी तुटक रेघेनंच राहील.

ती सलग करू शकेल असा कागद एकच आहे. जमिनीचा राजीनामा देता येत होता, वतनाच्या वाट्याचं तसं नव्हतं. 1874 च्या वतन कायद्यानं वतन घराण्याबाहेर जाऊ देणं बंद केलं होतं, आणि कामगिरीची पाळी कुणाची हे ठरवायला वतन रजिस्टरात तक्षीमदारांची वंशावळ लागत असे. मुलकी पाटीलकी 1 जानेवारी 1963 ला संपली, तोवर ही रजिस्टरं कामात होती. आमच्या गावच्या रजिस्टराच्या नकलेसाठी अर्ज दिला आहे. धाकट्या तक्षिमेसमोर 'परागंदा' आणि मुलांची नावं असतील तर इंदापूरचं घर पक्कं झालं. तिथे 'मयत, निर्वंश' असेल, तर तो जबाब कुणी लिहून दिला त्या सहीपर्यंत जावं लागेल, कारण 1878 ची कबुलायत कुणाच्या नावावर आहे ते आपण पाहिलंच आहे.