अजून किती?

"किती वेळ लागतो हो चार्ज व्हायला?"

पार्किंगमध्ये गाडीला वायर लावताना हा प्रश्न आला नाही असा दिवस विरळा. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना मी एकदा प्रामाणिकपणे "दहा तास" म्हणालो. घरात कुणी आजारी असावं तसा त्यांनी चेहरा केला आणि हळू आवाजात "काळजी घ्या" म्हणून ते फिरायला गेले.

दहा तास खोटे नाहीत. बॅटरी 30 युनिटची. पार्किंगमधला 15 अँपिअरचा प्लग, गीझरला असतो तोच, तासाला जेमतेम 3 युनिट देतो. पण रोज बॅटरी रिकामी करतो कोण? कोथरूड ते शिवाजीनगर जाऊन-येऊन दोन-अडीच युनिट. तेवढे माझं जेवण होईस्तोवर भरतात. उरलेली रात्र वायर नुसती लोंबकळते.

खरी परीक्षा हायवेवर. परवा आईला घेऊन कोल्हापूरला निघालो. साताऱ्याजवळ फास्ट चार्जरची गन लावली (केबल अशी जाड, की अग्निशमन दलातून आणली असावी). पाऊण तासात 20 चे 80 टक्के झाले. आणि मग आकडा अडला. 81. बऱ्याच वेळाने 82.

स्वारगेटला रिकामी बस लागली की पहिली तीस माणसं भराभर बसतात. नंतरच्यांना "पुढे सरका, पुढे सरका" म्हणत एकेक करून आत घ्यावं लागतं. बॅटरीतल्या लिथियमचंही तसंच. जागा भरत आली की रेटून चालत नाही, सेल खराब होतात, म्हणून गाडी स्वतःच करंट कमी करून घेते. हायवेवर 80 ला निघणारा शहाणा.

"निघू या," मी म्हटलं. "80 मध्ये कोल्हापूर आरामात येतं."

"डबा कधी अर्धवट भरून देतं का कुणी?" आई म्हणाली.

मागे एक गाडी नंबर लावून उभी होती. त्यातल्या बाईंशी आई बोलायला लागली, आणि त्यांच्या जाऊबाई आमच्या कऱ्हाडच्याच निघाल्या. आता कसली घाई! बाईंचे यजमान मात्र चार्जरच्या स्क्रीनसमोर हाताची घडी घालून उभे होते.

91.


92.