टाकी भरली की पेटायचा

आमचा गॅस गीझर १३ वर्षांचा. इंदूरला रामबागेतल्या जुन्या घरात, वरच्या मजल्याच्या न्हाणीघरात टांगलेला. नळ सोडला की टक-टक-टक, मग भक्क! यंदा ऐन डिसेंबरात त्यानं नखरे सुरू केले. एक दिवस नीट पेटायचा, दुसऱ्या दिवशी नळ पूर्ण सोडला तरी ढिम्म.

घरात सल्ल्यांना तोटा नव्हता. दोन मोठे सेल नवे घातले. सिलिंडर बदलला. रेग्युलेटरही बदलून पाहिला. मेकॅनिकनं लांबूनच निदान केलं, "भिया, इसकी उमर हो गई, नया ले लो." बायकोला ते लगेच पटलं.

नेमकी गोष्ट आईच्या लक्षात आली. म्हणाली, "नर्मदा येते त्या दिवशी बरा चालतो बघ."

आमच्याकडे नळाला नर्मदेचं पाणी, तेही दिवसाआड. पाणी आलं की गच्चीवरची टाकी काठोकाठ, दुसऱ्या दिवसापर्यंत ती तळाला. गीझर आणि टाकी यांच्यात उंचीचा फरक जेमतेम, आणि पाणी एक मीटर उतरलं की दाब चौरस सेंटिमीटरला ०.१ किलोनं घटतो. म्हणजे आम्ही सगळे गॅसच्या मागे लागलो होतो आणि दुखणं पाण्याचं होतं!

रविवारी सिलिंडर बंद करून गीझरचं झाकण काढलं. पुढची बटणं ओढून काढायची, चार स्क्रू, झालं. नळ सोडला की आतली एक छोटी दांडी बाहेर येऊन मायक्रोस्विच दाबते, मग ठिणगी पडते आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. आमची दांडी थरथरायची, पण स्विचपर्यंत पोचायची नाही. स्क्रू ड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीनं स्विच दाबला, तर लगेच टक-टक. सेल ठीक, सर्किट ठीक.

मग पाण्याची लाइन बंद करून पाण्याच्या बाजूचा व्हॉल्व्ह खोलला. आतलं रबर, म्हणजे डायफ्राम, जुन्या चपलेच्या तळव्यासारखं कडक झालेलं. शेजारी टाचणी जेमतेम जाईल असं एक भोक असतं. पाणी वाहताना त्यातून रबराच्या एका बाजूचा दाब कमी होतो, म्हणून दुसऱ्या बाजूचं पाणी रबराला आणि रबर दांडीला ढकलतं. ते भोक पांढऱ्या क्षारानं बुजलेलं होतं. उन्हाळ्यात आम्ही टाकीत बोअरिंगचं पाणी मिसळतो, ही त्याचीच कृपा. नदीकाठच्या जलूदहून ७० किलोमीटर चढून आलेली नर्मदा आमच्या घरी येऊन एवढ्याशा भोकाशी अडली होती.

भोक लिंबाच्या रसानं आणि सुईनं मोकळं केलं. सियागंजात ६० रुपयांत नवं रबर मिळालं. जुनं खिशात घेऊन गेलो होतो म्हणून माप जुळलं, नाहीतर तिथे दहा प्रकार दाखवतात.

पेटला! आणि पाच सेकंदांत विझला. बर्नरपाशी दोन पिना असतात, एक ठिणगीची आणि एक जाळ लागला की नाही ते ओळखणारी. दुसरीवर राखेसारखा थर होता. तिला जाळ 'दिसत' नव्हता, म्हणून ती इमानदारीनं गॅस तोडत होती. झिरो नंबरच्या पॉलिश पेपरनं पुसली.

आता जाळ टिकला, पण टोकं पिवळी. हे मात्र मला आवडलं नाही. गॅसच्या बाजूला स्वतः हात घालायचा नाही असं मी ठरवलेलंच होतं. त्याच मेकॅनिकला बोलावलं. त्यानं वरचा तांब्याचा भाग उतरवून ब्रश मारला, तर वर्तमानपत्रावर मूठभर काजळी. तांब्याच्या पात्यांमधल्या फटी अर्ध्याअधिक बुजलेल्या. धूर वर जायला वाट नाही, म्हणजे गॅस अर्धवट जळणार आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होणार. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, याला तो कोण घालणार? आणि थंडी लागते म्हणून आईनं न्हाणीघराच्या झरोक्याला पुठ्ठा लावलेला. खरं सांगतो, ती काजळी बघून माझे हातपाय गार पडले. दोन महिने मी सेल बदलत बसलो होतो!

त्याच दिवशी गीझर न्हाणीघरातून काढून मागच्या गॅलरीत लावून घेतला. सिलिंडरही तिथेच. गॅसची रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते. आमच्या नळीवरची तारीख कधीच उलटून गेली होती, तीही बदलली आणि प्रत्येक जॉइंटला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघितले. पुठ्ठा मी स्वतः फाडला, आईची बोलणी खाल्ली.

पाइप लांबल्यामुळे आता गरम पाणी यायच्या आधी अर्धी बादली गार येतं. आई ते तुळशीला आणि जास्वंदीला घालते.