‘माझ्याकडे पिस्तूल आहे’ असे सांगितल्यानंतरचे काही सेकंद

अमेरिकेत पोलिसांनी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि चालकाच्या कमरेला परवान्याचे पिस्तूल असले, तर ते त्याने आपणहून सांगायचे की विचारल्यावरच, हे तो त्या क्षणी कोणत्या राज्यात आहे यावर ठरते. मिशिगन, नॉर्थ कॅरोलायना आणि अलास्का येथे पोलिसाशी गाठ पडताच स्वतःहून सांगणे बंधनकारक आहे. मिशिगनमध्ये पहिल्यांदा न सांगितल्यास ५०० डॉलर दंड होतो आणि परवाना सहा महिने निलंबित होतो. मिनेसोटात विचारल्यावर खरे उत्तर दिले की पुरते. ओहायोत पूर्वी तत्काळ सांगण्याची सक्ती होती, ती जून २०२२मध्ये शिथिल होऊन आता तेथेही विचारल्यावरच सांगावे लागते. मेन या राज्यातला नियम आणखी वेगळा आहे: तेथे परवानाधारकाला स्वतःहून सांगावे लागत नाही, पण परवाना न काढता कायदेशीरपणे शस्त्र बाळगणाऱ्याला लगेच सांगावे लागते.

या विषयावरची चर्चा बहुतेक वेळा ‘सांगण्याची सक्ती असावी की नसावी’ एवढ्यावरच थांबते. मी स्वतः शस्त्र बाळगत नाही, आणि सांगावे याच मताचा मी आहे, कारण समोरचा माणूस कोण आहे याची कल्पना नसताना रात्री एकट्याने अनोळखी गाडीच्या खिडकीपाशी जाणाऱ्या पोलिसाला ते कळायला हवे. परंतु जीव जातो तो सांगितल्यानंतरच्या काही सेकंदांत, आणि त्या सेकंदांबद्दल हे नियम चालकाकडून जेवढी अपेक्षा ठेवतात तेवढी पोलिसाकडून ठेवत नाहीत.

फिलँडो कॅस्टिल यांचा मृत्यू हे याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण आहे. सेंट पॉलमधील एका शाळेच्या उपाहारगृहाचे पर्यवेक्षक असलेल्या या ३२ वर्षांच्या परवानाधारकाची गाडी ६ जुलै २०१६ रोजी मिनेसोटातील फाल्कन हाइट्स येथे थांबवण्यात आली. पोलिसाने लायसन्स आणि विम्याचा कागद मागितला. कायद्याने आपणहून सांगण्याची सक्ती नसतानाही, आपल्याजवळ शस्त्र असल्याचे त्यांनी शांतपणे आणि अदबीने सांगितले. ‘मग त्याला हात लावू नका’ असे उत्तर आले. आपण ते काढत नाही, असे ते सांगत असतानाच काही सेकंदांत सात गोळ्या झाडल्या गेल्या. गाडीत त्यांची मैत्रीण आणि तिची चार वर्षांची मुलगी होती. आधीची आज्ञा कागद काढा अशी होती आणि नंतरची आज्ञा शस्त्राला हात लावू नका अशी; या दोन्ही एकाच वेळी पाळायच्या तर हात नेमका कुठे न्यायचा, हे त्यांना कोणीही सांगितले नाही. ‘हलू नका, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा, कागद नंतर पाहू’ एवढे बोलायला किती वेळ लागला असता? जून २०१७मध्ये ज्यूरीने त्या पोलिसाला निर्दोष ठरवले.

ओहायोतील कँटन शहरात २०११मध्ये याच्या उलट घडले. जुना नियम लागू असताना तेथील चालक परवाना हातात धरून सांगण्याचा प्रयत्न करत होता, पोलीस त्याला बोलू देत नव्हता, आणि अखेरीस वेळेत न सांगितल्याचा आरोप त्याच्यावरच ठेवला गेला. पोलिसांच्याच गाडीतील कॅमेऱ्यात हे सारे नोंदले गेले होते. ‘तत्काळ’ म्हणजे नेमके केव्हा, याचा निर्णय समोरच्याच्या मर्जीवर सोडणारा नियम प्रामाणिक माणसालाही वाचवू शकत नाही.

त्यात २०१७चा रॉबिन्सन निकाल आहे. फोर्थ सर्किट या संघीय अपील न्यायालयाने असे ठरवले की कायदेशीररीत्या थांबवलेली व्यक्ती सशस्त्र असल्याचा वाजवी समज असेल, तर तिच्याकडे परवाना असो वा नसो, पोलीस तिची अंगझडती घेऊ शकतो. पोलिसाच्या सुरक्षेचा त्यामागचा विचार मी नाकारत नाही. पण खरे बोलणाऱ्याला त्या खरेपणामुळेच धोकादायक मानण्याची मुभा मिळत असेल, तर सक्ती नसलेल्या राज्यात अनेक जण गप्प राहणेच पसंत करतील.

परवान्याच्या प्रशिक्षणात सामान्यतः चांगला सल्ला दिला जातो: गाडीतला दिवा लावावा, हात स्टिअरिंगवर ठेवावेत, ‘पिस्तूल’ या शब्दाने बोलण्याची सुरुवात करू नये, आधी परवान्याचा उल्लेख करावा आणि ‘मी आता काय करू?’ असे विचारून उत्तर येईपर्यंत हात हलवू नयेत. परंतु आज २९ राज्यांत लपवून शस्त्र बाळगण्यासाठी परवानाच लागत नाही, म्हणजे हा सल्ला ज्या वर्गात मिळतो त्या वर्गात जाणेही अनेकांना आवश्यक उरलेले नाही. अशा वेळी प्रशिक्षित माणूस म्हणून खात्री धरता येते ती एकट्या पोलिसाचीच. म्हणून माझी मागणी अशी आहे की, जेथे जेथे नागरिकावर सांगण्याचे कर्तव्य आहे, तेथे त्याच कलमात पोलिसाचेही कर्तव्य लिहावे: शस्त्राची माहिती मिळताच आधीची प्रत्येक आज्ञा स्पष्ट शब्दांत मागे घ्यायची, एका वेळी एकच नवी आज्ञा द्यायची, आणि ती पाळायला माणसाला पुरेसा वेळ द्यायचा.