जुना झिरो-टर्न मोअर: पावसाआधीची जुळणी

खानापूर रोडच्या फार्महाऊसवर जुना झिरो-टर्न (दोन लिव्हरनी चालणारा, जागच्या जागी वळणारा गवत कापायचा मोअर) आला की पहिली तक्रार ठरलेली: "किल्ली फिरवली, टकसुद्धा वाजत नाही." लगेच स्टार्टर उघडू नका. बॅटरी मोजा, 12.4 व्होल्टच्या खाली असेल तर आधी चार्ज करा. मग दोन्ही लिव्हर बाहेर, पार्किंग ब्रेक लावलेला, ब्लेडचा स्विच बंद. यातलं एक चुकलं तरी सेफ्टी स्विच स्टार्टरला करंट जाऊ देत नाही. सीटखालची वायर उंदरांनी कुरतडलेली असू शकते, तीही बघा. ब्लेड फिरताना सीटवरून उठलं की इंजिन बंद पडतं, हा मात्र बिघाड नव्हे!

गचके देत असेल तर शिळं पेट्रोल काढून टाका आणि कार्बोरेटरचा बाउल उतरवा. तळाशी पाणी किंवा चिकटा सापडेल. जेट (पेट्रोल जायचं बारीक भोक) तारेनं टोचू नका, भोक मोठं होतं. क्लीनर स्प्रे पुरतो.

एका बाजूला ओढतो? लोक थेट हायड्रो पंपावर (चाकं फिरवणाऱ्या तेलाच्या पंपावर) घसरतात. आधी मागच्या दोन्ही चाकांत हवा सारखी भरा, मगच ट्रॅकिंगचा (मोअर सरळ चालवण्याच्या जुळणीचा) बोल्ट फिरवा.

डेकची (ब्लेडवरच्या पत्र्याच्या कवचाची) उंची सपाट फरशीवरच जुळवायची, स्पार्क प्लगची वायर काढून. ब्लेडचं पुढचं टोक मागच्यापेक्षा 3 ते 6 मिमी खाली हवं. आमच्याकडच्या पावसात डेकखाली ओल्या गवताचा थर बसतो, तो दरवेळी खरवडा.