पत्र्याचा रंग ठरवताना

आमच्या अमळनेरच्या घराला आजोबांच्या काळी मातीचं धाबं होतं. भर मे महिन्यातही आत शिरलं की गार वाटायचं. स्लॅब आला आणि वरची खोली मार्चपासूनच भट्टी व्हायला लागली. शेवटी गच्चीवर पत्र्याचं शेड टाकायचं ठरलं. पाइप-अँगलचा हिशोब फॅब्रिकेशनवाल्याने एका चहात संपवला. रंगाला मात्र तीन आठवडे लागले.

दुकानात निळा, विटकरी, हिरवा, राखाडी, ऑफ-व्हाइट असे पत्रे. गल्लीत जिकडेतिकडे निळा, म्हणून मुलगा विटकरीवर अडून बसला. ट्यूबलाइटखाली बोटभर नमुना पाहून मीही हो म्हणणारच होतो. तेवढ्यात दुकानातल्या पोऱ्याने तीन रंगांचे हातभर उरलेले तुकडे दिले. म्हणाला, "काका, दुपारी गच्चीवर ठेवून बघा."

एप्रिल महिना, पारा 44 च्या घरात. दोन वाजता हात लावला. निळ्यावर आणि विटकरीवर टेकवला तसा उचलला. ऑफ-व्हाइटही तापला होता, पण त्यावर पाचापर्यंत मोजता आलं. गडद रंग ऊन पितो, फिका परतवतो, हे शाळेत पाठ केलं होतं. पटलं त्या दिवशी. आईने याच प्रयोगाचा वेगळा निकाल काढला. तिने तिन्ही तुकड्यांवर ओल्या बिबड्याचा, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या पापडाचा, एकेक घास पसरला होता आणि निळ्यावरचा आधी वाळला. "निळाच ले, भाऊ. मना बिबडा लवकर सुकतीन!"

बायको म्हणाली, पांढरा मळेल. वर चढून कोण बघतंय, असं मी म्हणालो खरं, पण समोरच्या दुमजली घरातले आप्पा बघतात. चकाकी थेट त्यांच्या खिडकीत जाईल, म्हणून चमक नसलेला, मॅट घेतला.

एक चूक झाली. दोन उतारांना दहा-दहा असे 20 पत्रे हवे होते. दुकानदाराने 16 पाठवले, उरलेले 4 आठवड्याने आले. रंगाचं नाव तेच, पण छटा जरा पिवळट. दोन लॉटचा माल जुळेलच असं नाही. ते चार मागच्या बाजूला टाकले. आणि कामगार पत्र्यावर ग्राइंडर चालवत असेल तर त्याला तिथेच थांबवा. लोखंडाचा चुरा रंगावर चिकटतो आणि पहिल्या पावसात गंजाचे ठिपके उठतात. आमचे आहेत अजून.

कूलर सुटलेला नाही. पण रात्री दहालाही स्लॅब ऊन ओकायचा, ते थांबलं. शेडच्या बाजू उघड्या ठेवल्यात, त्यामुळे गरम हवा कोंडत नाही. गच्चीवर चांदण्यात झोपणं तेवढं गेलं. आई बिबडे आता अंगणात खाटेवर घालते, आणि वर बघून दरवर्षी निळ्याचं नाव काढते.