ड्राइव्हचं चौथं कार्ड

डिस्टिलरीच्या बायोगॅस प्लांटमधला ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा डबा, वर्षात चौथ्यांदा बंद पडला. मी ड्राइव्ह रिपेअर करतो, साखर कारखाने हेच माझं निम्मं गिऱ्हाईक. इतके दिवस सगळे व्होल्टेजला दोष देत होते, मीपण.

यावेळी त्याचं कार्ड, म्हणजे आतला सर्किट बोर्ड, मायक्रोस्कोपखाली धरलं आणि एकेक चिप रेझिस्टर मोजत गेलो. दहा किलोओहमचा एक सापडला, मीटरवर ओपन, म्हणजे करंट जातच नव्हता. वरून अख्खा, फक्त वरचं काळं कोटिंग संपून टिनचं टोक सुरू होतं त्या फटीत बारीक काळे केस उगवलेले. सिल्व्हर सल्फाइड! रेझिस्टरच्या टोकाला आतून चांदीचा थर असतो, बायोगॅसमधला हायड्रोजन सल्फाइड फटीतून तिथं पोचतो, हायड्रोजन सुटतो आणि गंधकाचा अणू चांदीच्या तीन-चार अणूंमधल्या खळग्यात घट्ट बसतो. सोन्यावरपण बसतो, पण वरचा थर भरला की तिथंच थांबतो, म्हणून कनेक्टरच्या सोनेरी पिना अजून चकचकीत होत्या. चांदीत थांबत नाही, खालची चांदी सल्फाइडमधून वर सरकत राहते आणि गंधकाला मिळत राहते, ती संपली की करंटला रस्ताच उरत नाही.

शेजारी उभे असलेले ऑपरेटर काका म्हणाले, "साहेब, माझी चांदीची अंगठी हितं आठ दिवसांत काळी पडती." चार कार्डं गेली, मीटिंगा झाल्या, आणि काकांना कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं.

मला खरं छळतंय ते वेगळंच. दुसऱ्या कार्डाला मीच सिलिकॉन कोटिंग मारून दिलं होतं, पाण्यापासून वाचावं म्हणून. पण सिलिकॉन गंधकाला अडवत नाही, उलट शोषून धरून ठेवतं, हे मी नंतर वाचलं. ते कार्ड माझ्यामुळं लवकर गेलं का? कार्ड भंगारात गेलंय, आता तपासणार कसं.

सल्फरला टिकणारे रेझिस्टर मिळतात आणि पॅनल रूमला कार्बन फिल्टरची हवा देता येते, पर्चेसवाले म्हणतात नवीन कार्ड स्वस्त पडतं. कारखाना बंद पडतो त्या तासांचा हिशोब त्यांच्या कागदावर येतच नाही! म्हणून आता पॅनलमध्ये चांदीची पट्टी टांगून आलोय. आयएसए या ऑटोमेशनवाल्यांच्या संस्थेच्या मापात महिन्याला २०० अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) आत थर चढला तर हवा चांगली, २००० च्या वर गेला तर सगळ्यात वाईट.

काल काकांनी फोटो पाठवला. तिसऱ्याच दिवशी पट्टी पिवळी पडलीय.